नकाशात नसलेली गच्ची

"काकू, इथं काय आहे?" शिरगुप्पे नावाच्या इंजिनिअर मुलीनं विमानातल्या यंत्राचा पाटीएवढा पडदा इंदुमतीबाईंसमोर धरला.

वैमानिकाची नजर जिथं टेकेल, तिथला नकाशा हे यंत्र आपणहून मोठा करायचं. बोट लावावं लागत नसे. इंदुमतीबाईंच्या वैमानिक लेकाच्या, धैर्यशीलच्या, नजरेच्या सवयी यंत्रानं नऊ वर्षांत पाठ केल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी तो हृदयविकारानं गेला आणि यंत्र दुसऱ्या वैमानिकाकडे आलं. तेव्हापासून कोल्हापूरला उतरताना दर खेपेस धावपट्टीऐवजी एक रिकामा चौकोनच मोठा होत होता. आता त्या सवयी पुसायला वारस म्हणून आईच्या संमतीचा अंगठा पडद्यावर हवा होता.

इंदुमतीबाईंनी ओढ्याचं वळण ओळखलं. "आमची गच्ची."

विमानाची वेळ झाली की त्या पिवळा टॉवेल घेऊन वर जायच्या आणि हलवत राहायच्या. धैर्यशील हसायचा. "वरनं काय दिसत नाही, आई. उगं गुडघे दुखवून घेऊ नकोस." गेल्या वर्षी त्यांनी लेकाचं ऐकलं आणि जिना चढणं सोडलं.

"म्हणजे बघायचा तो?"

"दर वेळी, काकू. आधी क्षणभरच बघायचे. गेल्या वर्षभरात मात्र नजर तिथं जास्त रेंगाळायची. काहीतरी शोधत असल्यासारखी."

इंदुमतीबाईंनी अंगठा लगेच टेकवला नाही. आधी त्यांनी पदराचं टोक धरून पडद्यासमोर हात वर केला, आणि हलवत राहिल्या.