नाक्यावरचा फ्लेक्स

गाडी नाक्यावर थांबवायला जर्मन बाईंनीच सांगितलं. नाहीतर सगळं आटोपलं होतं. कल्याणपलीकडच्या त्या गावात कारखान्यासाठी जागा बघायला आलेल्या दोघा पाहुण्यांना काळुरामची जमीन आवडली होती, हे त्यांच्या चेहऱ्यांवरच दिसत होतं. हायवे जवळ, वीज सहसा जात नाही, बंदर फार लांब नाही. बाईंनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं होतं आणि काळुरामच्या बायकोच्या, आवडाबाईच्या हातची तांदळाची भाकरी पुन्हा मागून घेतली होती.

काळुरामने ही जमीन बिल्डरांपासून राखली ती याच दिवसासाठी. भाऊबंद टॉवरवाले झाले, हा हट्ट धरून बसला. त्याचा दिपेश इंजिनीअर होऊन जर्मनीत होता, आणि जाताना बोलला होता, "बाबा, तिकडची एखादी कंपनी आपल्याकडे आली, तर मी परत येईन."

बाई उतरून फ्लेक्स बघत उभ्या राहिल्या. पाहुण्यांसाठी काळुरामने तो कालच लावून घेतला होता. परदेशी गेलेल्या गावच्या इंजिनीअर पोरांचं हार्दिक अभिनंदन. कोट घातलेले चेहरे, मधोमध सगळ्यांपेक्षा मोठा दिपेश, खाली कोपऱ्यात हात जोडलेला काळुराम. तो बांधताना बघून आवडाबाई म्हणाली होती, "आपल्या लग्नात मांडव एवढा नव्हता."

"बाई विचारतायत, हे निवडणुकीला उभे आहेत का?" क्षिप्रा म्हणाली. डोंबिवलीची ही मुलगी दुभाषी म्हणून सोबत आली होती.

काळुराम खुशीत हसला. "इंजिनीअर हायत सगले. गावचे."

बाईंनी आणखी काही विचारलं. क्षिप्राने ते जपून मराठीत सांगितलं. "यातले इथे किती जण काम करतात?"

"एक पण नाय."

"काका, नीट आठवा ना. एखादा असेल, ठाण्याला, कळव्याला, कुठेतरी."

पोरीला आपल्या गावची पत माहीत नाही, असं काळुरामला वाटलं. "अगं, हुशार पोरं हायत ती. इथं कशाला राहतील? बिनधास्त सांग."

क्षिप्राने सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि फ्लेक्सचा फोटो काढला. आपला फ्लेक्स जर्मनीला जाणार म्हणून काळुराम दिवसभर हवेत होता.

दिवाळीनंतर क्षिप्राचा फोन आला. पाहुण्यांनी दुसरं शहर पसंत केलं होतं. हे तिने कळवायलाच हवं असं काही नव्हतं, पण भाकरी तिनेही खाल्ली होती. काळुरामने कारण विचारलं. तिने आधी टाळलं, मग सांगितलं.

रविवारी दिपेशचा व्हिडिओ कॉल आला. आवडाबाईने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ती आत गेली. सांगायचं काम तिने त्याच्यावरच सोडलं होतं.

"काय कमी पडलं, बाबा? पाणी? रस्ता?"

"नाय. सगलं आवडलं त्यांना."

"च्यायला. कंपनी आली असती ना, तर मी आलो असतो."

काळुराम पडद्यावरच्या पोराकडे बघत राहिला. कोट फ्लेक्सवरचाच होता, आत माणूस जरा सुकलेला.

"ते पण तेच बोल्ले रे," तो म्हणाला. "पोरं असती, तर आलो असतो."