काशीरामची कबुली

पट्ट्याचा पहिला फटका काशीरामच्या मानेवर बसला. दुसरा कानावर. त्याने हातसुद्धा वर केले नाहीत. अडतीस वर्षांचा धिप्पाड माणूस, पण समज पाच वर्षांच्या मुलाएवढी. मारणारा त्याचा थोरला भाऊ होता, आत्माराम.

पालीजवळच्या दिव्यांगांच्या निवासगृहातून सकाळीच फोन गेला होता. काशीरामने सदूचं डोकं फोडलं म्हणून. सदूही तिथेच राहणारा, काशीरामसारखाच. त्याला रत्नागिरीला दवाखान्यात हलवलं होतं. हातातली जाळी तशीच टाकून आत्माराम नाटे गावाहून आला, तेव्हा न्हाणीघरासमोरची फरशी अजून लाल होती. बाजूला चेपलेली लोखंडी बादली पडली होती.

"मी बघितलंय ना," केअरटेकर रितेश म्हणाला. "बादली उचलली नि घातली डोक्यात."

अधीक्षकांनी आत्मारामसमोरच दरडावून विचारलं, "काशीराम, सदूला तू मारलंस?"

"होय," काशीराम म्हणाला.

तेव्हा आत्मारामने कमरेचा पट्टा काढला होता.

सहाव्या फटक्याला बक्कल लागून काशीरामची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. सातवा फटका स्वयंपाकीण हौसाच्या मनगटावर बसला. ती मध्ये येऊन उभी राहिली होती.

"बास! जीव घ्याल त्याचा!"

मग ती काशीरामकडे वळून खेकसली, "काशी, अख्खा दर्या तू प्यायलास?"

"होय."

"माझ्या घरावर माड तू पाडलास?"

"होय."

"बघितलंत?" हौसा आत्मारामला म्हणाली. "कोणी आवाज चढवला की हा होयच म्हणतो. काहीही विचारा. सदूला ह्या रितेशने मारलं. आंघोळीला येत नव्हता म्हणून. मी दारात होते. नोकरी जाईल म्हणून सकाळपासून तोंड शिवून बसले."

रितेश तिच्या अंगावर धावला. केसांचा बुचडा धरून त्याने तिला भिंतीवर आपटलं. आत्मारामने झेप घेतली. त्याची मानगूट पकडून त्याच भिंतीवर दाबली आणि मूठ उगारली.

"मला कशाला मारता?" रितेश घुसमटत ओरडला. "त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय!"

मूठ हवेतच राहिली.

अधीक्षक पोलिसांना फोन लावत होते. हौसा भिंतीला टेकून विव्हळत होती. आत्मारामला काहीच ऐकू येत नव्हतं. तो काशीरामच्या फुटलेल्या भुवईकडे बघत होता.

सहा वर्षांपूर्वी आत्मारामची चार वर्षांची मुलगी सानिका घरामागच्या तळ्यात बुडाली. तो धावत पोचला तेव्हा काशीराम काठावर बसला होता. केसांपर्यंत चिखलाने भरलेला. सानिका त्याच्या मांडीवर होती.

"तू ढकललंस तिला?" आत्मारामने ओरडून विचारलं होतं.

"होय," काशीराम म्हणाला होता.

त्याच आठवड्यात त्याने काशीरामला मारत मारत इथे आणून टाकलं.

तिला पाण्यातून बाहेर कोणी काढलं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.