परांचीवरची पावले

ज्या हातांनी एखादी गोष्ट श्रद्धेने घडवली, त्यांची अनुज्ञा घेतल्यावाचून ती मोडू नये, असे मी आयुष्यभर मानत आलो.

२०१७ च्या माघात, डहाणूच्या आमच्या घरी सूनबाई शितलच्या कार्यालयासाठी एक खोली नव्याने करताना छतावरचे जुने नक्षीदार प्लास्टर काढायचे ठरले. त्यासाठी तलासरीहून दीपेश आला. ती नक्षी त्याच्याच बापाच्या, दिवंगत चैत्याच्या हातची होती.

दुपारपर्यंत छत खरवडून झाले. एक कोपरा तेवढा उरला.

"गुरुजी, धीर होत नाही. बाबाचा हात फिरलाय तिथं."

"मग राहू दे. आधी जेवून घे."

"राहू दे कसं? शितलताई मलाच ओरडतील ना!" तो हसला.

खोलीच्या एकुलत्या एका दारासमोर, पडवीत बसून आम्ही जेवलो. आत कोणीही गेले नाही.

परतलो तेव्हा तो कोपरा स्वच्छ खरवडलेला होता. खालची परांचीची फळी ताज्या धुळीने पांढरी झाली होती. त्या धुळीत दोन पावलांपुरती जागा मात्र कोरी होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. चैत्यालाही नव्हती.

दीपेशने त्या पावलांकडे पाहिले. मग डोळे पुसून, पुट्टीचा पत्रा घेऊन तो फळीवर चढला.

"बाबा, सरक जरा. आता पुढचं माझं."

माझ्या डोळ्यांदेखत ती कोरी पावले वीतभर बाजूला झाली.

त्या चारही हातांना यश लाभो.