गेनरची शिष्या

गेनर टनिक्लिफने हात मागे नेला आणि तो तिथेच थांबला. नेम बरोबर होता, पण बोटांतून डार्टचा बाण सुटेना. सभागृह आधी शांत झालं, मग कुजबुजू लागलं. तो सामना ती हरली. त्यानंतरचेही हरत गेली.

स्टोकच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात कपांना कान चिकटवायचं काम सोडून ती धंदेवाईक खेळाडू झाली होती. आता पुन्हा त्याच बाकावर येऊन बसली. ओल्या मातीवर तिचा हात कधी अडत नसे. अडायचा तो फक्त बोर्डासमोर. डॉक्टर म्हणाले, हातात काही दोष नाही. नवरा कॉलिन म्हणाला, थोडे दिवस विसर. विसरणं जमलं नाही, पण खेळणं तिने सोडलं. कामगार क्लबात ती बिअरचा ग्लास घेऊन बोर्डाकडे पाठ करून बसायची.

तिथेच एडना तिला भेटली. सत्तरीची बाई, नुकतीच लेकीकडे राहायला आलेली. तिला डार्ट शिकायचे होते.

"या वयात?" गेनरने विचारलं.

"मग काय, मेल्यावर शिकू?"

एडनाचा उजवा खांदा धरलेला होता म्हणे, म्हणून ती डाव्या हाताने फेकायची. पहिला डार्ट भिंतीत घुसला, दुसरा क्लबच्या अध्यक्षांच्या टोपीजवळून गेला. लोक पोट धरून हसले. एडनाही हसली आणि पुन्हा रेघेवर उभी राहिली.

तिचे प्रश्न संपत नसत. पाय कुठे ठेवू? बघायचं कुठे? आणि डार्ट सोडायचा नेमका कधी?

"सोडायचा म्हणून सोडायचा नसतो," गेनर म्हणाली. "हात पुढे गेला की तो आपोआप जातो."

"म्हणजे कसा? दाखव ना."

गेनर आधी रिकाम्या हातानेच दाखवायची. मग हातात डार्ट धरून, पण न फेकता. एका रविवारी एडनाचं कोपर सरळ करता करता ती वैतागली, तिने स्वतःच डार्ट उचलला आणि फेकला. तो बोर्डात रुतला. गेनर त्याच्याकडे पाहत राहिली.

"माझं लक्ष नव्हतं," एडना म्हणाली. "पुन्हा दाखव."

त्या दुपारी एडनाला एकही फेक धड दिसली नाही.

हिवाळा सरल्यावर गेनरने ब्लॅकपूलच्या पात्रता स्पर्धेत नाव घातलं. एडना बरोबर यायला तयार नव्हती. गर्दी सोसत नाही, गुडघे दुखतात, असं काहीबाही सांगत राहिली. गेनरने तिला जवळजवळ ओढतच नेलं.

शेवटच्या सामन्यात एकच डार्ट उरला आणि हात पुन्हा मागे थांबला. गेनरने क्षणभर डोळे मिटले, एडनाला समजावते तसं मनातल्या मनात स्वतःला समजावलं. हात पुढे गेला. डार्टही गेला. बोर्डाच्या कडेचा, दुप्पट गुणांचा, हवा तोच डबल लागला आणि गेनर पुन्हा धंदेवाईक खेळाडूंत आली. कॉलिन खुर्चीवर चढून ओरडत होता.

गुण पुकारणारा म्हातारा पंच अभिनंदन करायला खाली उतरला. गेनरशी हात मिळवता मिळवता त्याची नजर तिच्या मागे गेली आणि त्याने चष्मा काढला.

"एडना? इतकी वर्षं होतीस कुठे? त्या फायनलला अडकलेला तुझा हात पुढे सुटला का गं?"

"माझा नाही सुटला," एडना म्हणाली. "हिचा सुटला."