पडद्याआडचं माप

सासऱ्यांच्या शिवणकामाच्या दुकानात पाऊल टाकताना तिचा हात माझ्या हातात गारठला. लग्नात ती माझा नवरा होती. आता बाई म्हणून जगते. आईवडिलांपुढे तशी आज पहिल्यांदाच येत होती, माझा ड्रेस घालून. ‘हाकलून दिलं तर पुन्हा त्या दारात नाही,’ एवढंच वाटेत बोलली होती. सासऱ्यांची कात्री कापडातच थांबली. सासूबाई भिंतीला टेकल्या. सासरे कात्रीसकट जवळ आले. “खांदा कुठे, शिवण कुठे!” म्हणाले, आणि टेप सासूबाईंपुढे धरली. “माप घे.” “मी?” “मग? बायकांची मापं या दुकानात मी कधी घेतलीत?” सासूबाई हलेनात. शेवटी पडदा सारून त्यांनी तिला आत नेलं. आतून त्यांचा कापरा आवाज आला, “रस्त्यात कुणी मारलं नाही ना गं तुला?”