सत्तेचाळीस नंबर

जपानमधल्या फुनाबोरीच्या वॉर्ड ऑफिसात बाबा टोकन घेऊन बसले होते. बँकेने त्यांची बदली कॅनडातल्या हॅलिफॅक्सला केली होती, म्हणून इथल्या रहिवाशांच्या यादीतून नाव काढायचं होतं. अक्षया कंटाळून भिंतीवरचे फोटो बघायला गेली. नेमकं हॅलिफॅक्सचंच प्रदर्शन होतं.

वरच्या रांगेत त्या शहरात जन्मलेली नामवंत माणसं, खालच्या रांगेत तिथे वारलेली. वरच्यांचे हात रिकामे होते. खालच्या प्रत्येकाच्या बोटांत मात्र एक चिठ्ठी होती.

ती जवळ गेली. १९०८ साली वारलेल्या चित्रकार बाईंच्या चिठ्ठीवर चव्वेचाळीस. हॉकीपटूच्या पंचेचाळीस. शेवटच्या डॉक्टरांच्या शेहेचाळीस. खाली याच वॉर्ड ऑफिसचा शिक्का.

"बाबा, तुमचा नंबर काय?"

"सत्तेचाळीस. का गं?"

तिने टोकन हिसकावलं आणि फाडून टाकलं.

"डोकं फिरलंय का तुझं? तासभर बसलोय मी इथे."

"दुसरं काढते ना." तिने मशीनचं बटण दाबलं. सत्तेचाळीस आलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा सत्तेचाळीसच.

"बाबा, तिकडे जाऊ नका."

"आता काय, तिकिटंसुद्धा झाली." काउंटरवरून त्यांचा नंबर पुकारला गेला, तसे बाबा उठून गेले.

अक्षयाने भिंतीकडे पाहिलं. खालच्या रांगेतले सगळे फोटो थोडे थोडे सरकून एकमेकांच्या जवळ आले होते. डॉक्टरांच्या शेजारी एका फोटोपुरती जागा मोकळी झाली होती.