पाळण्यातला आवाज

बाळ रडायला लागलं तशी रेवती खाटेवरून उठली आणि तिने पाळण्यावर हात ठेवला. काचेचं झाकण उघडलं नाही.

"तुमच्या हाताला नाही उघडायचं ते," लोबो सिस्टर हळूच म्हणाल्या. "रक्ताच्या तपासणीत तुमच्या लहानपणीचा मार निघालाय. अशा आईच्या हातात वर्षभर बाळ द्यायचं नाही, असा नियम आहे. मार खाल्लेली माणसं पुढे मारतात म्हणे."

"मी आजवर कुणावर हात उचलला नाही, सिस्टर."

"मला पटतं हो. पाळण्याला कोण सांगणार? पण आईच्या आवाजाला बाळ मुकत नाही. पाळणा तुमच्याच आवाजात गातो."

"माझा आवाज कुठून आणला?"

"तुमच्या जुन्या जबाबाचं रेकॉर्डिंग होतं ना, त्यावरून."

पाळणा गाऊ लागला. आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा होता. चौकशीच्या खोलीत सावत्र बापाबद्दल सांगताना रेवती याच आवाजात बोलली होती. बोलता बोलता ती मध्येच श्वास रोखायची आणि दाराकडे बघायची, तो आत येईल म्हणून. पाळण्याने ते श्वास रोखणंही उचललं होतं. प्रत्येक कडव्यानंतर तो तसाच थांबत होता.

बाळाचं रडणं थांबलं.

"बघा, ओळखलं की नाही आईला?" सिस्टर कौतुकाने म्हणाल्या.

आणखी एक कडवं संपलं, गाणं थांबलं. दोन दिवसांच्या त्या बाळाने श्वास रोखला आणि सावकाश दाराकडे मान वळवली.